गरम गाडी पुन्हा चालू होताना रडते, फ्युएल पंप बदलू का?

प्रश्न: जुनी पेट्रोल गाडी, मल्टिपॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर). सकाळी एका सेल्फमध्ये उठते. गरम असताना थोडा वेळ बंद ठेवली की मात्र नुसता सेल्फ खात बसते, मग काळा धूर ओकून चालू. मेकॅनिक म्हणतो पंप गेला. पण पंपाचा आवाज तर येतो!

उत्तर: आवाज येतो म्हणजे प्रेशर आहेच असं नाही. पण काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, मग पंपाला शिव्या कशाला? प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब सांभाळणारा भाग) बारीक व्हॅक्यूम नळी उपसून बघा. आत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरमधला डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटलाय.

दुसरं उत्तर: फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) प्रेशर गेज लावा. बऱ्याच गाड्यांत ३ बारच्या आसपास असतं, तरी मॅन्युअलमधला आकडाच धरा. इंजिन बंद केल्यावर काटा झरझर उतरला, तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. जोड सोडण्याआधी प्रेशर उतरवा, गरम इंजिनावर पेट्रोल उडालं तर भडकेल.

प्रश्नकर्ता: नळीतून थेंब टपकला राव.

उत्तर: मग रेग्युलेटरच. डिपस्टिकही (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) हुंगा, ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर तेही बदला.