अतिदक्षता विभागातील संसर्गाचे भाकीत: सीमाभागातील रुग्णालयांनी ही प्रणाली घ्यावी का?

परिचारिका, बेळगाव:
दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर जडणारा संसर्ग सर्वसाधारणपणे रुग्णालयातला धरला जातो. तो कोणाला जडेल हे आधीच सांगणारी संगणकप्रणाली आपल्याकडेही घ्यावी, हे मत मला पटत नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी हात धुणे, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, गरज संपताच सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) काढणे अशा पाच गोष्टी काटेकोरपणे पाळल्या आणि दीड वर्षात लाइनमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. उलट, मिशिगन विद्यापीठाने २०२१ मध्ये सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी करू शकणाऱ्या जीवघेण्या अवस्थेची, सूचना देणारी एक प्रचलित प्रणाली तपासली, तेव्हा सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण तिच्या नजरेतून सुटल्याचे आढळले.

डॉक्टर, निपाणी:
आपले दुसरे उदाहरण येथे लागू पडत नाही. सेप्सिस ओळखणे आणि संसर्गाची जोखीम वर्तवणे हे प्रश्न वेगळे आहेत. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे तीन व्हेंटिलेटर असतील, तर आधी कोणाकडे पाहायचे हे ठरवावेच लागते. व्हेंटिलेटरचे दिवस, मूत्रनळी, मधुमेह, आधीची प्रतिजैविके यांवरून अनुभवी डॉक्टर मनात हाच हिशेब करतो. प्रणाली तो न थकता करील.

परिचारिका, बेळगाव:
हिशेबासाठी नोंदी कोठून आणायच्या? चंदगड, खानापूरकडचे कित्येक रुग्ण लहान दवाखान्यात तीन-चार दिवस काढून आमच्याकडे येतात. नळी आधीच घातलेली असते, प्रतिजैविके सुरू झालेली असतात, आणि सोबतच्या चिठ्ठीवर, ती मराठीत असो वा कन्नडमध्ये, ‘इंजेक्शन दिले’ एवढेच असते. प्रणाली मात्र आमच्या दारापासून दिवस मोजणार. म्हणजे पाचव्या दिवशीची मूत्रनळी तिच्या लेखी पहिल्या दिवसाची ठरेल, आणि सर्वांत धोक्यातला रुग्ण ‘कमी जोखीम’ म्हणून बाजूला राहील.

रुग्णाचा मुलगा, खानापूर:
वडिलांना हलवताना मूत्रनळी कधी घातली, हे आम्हाला कोणीच विचारले नाही. आम्हाला तारीख माहीत होती.

डॉक्टर, निपाणी:
हा मुद्दा मला मान्य आहे. नळी आणि लाइन घातल्याची तारीख, दिलेल्या प्रतिजैविकाचे नाव, एवढे तरी पाठवणीच्या चिठ्ठीत दोन्ही भाषांत छापलेले असावे, आणि नातेवाइकांनाही विचारावे. तरीही, अशा वर्षभराच्या नोंदी हाती आल्यावर येथल्याच रुग्णांवर प्रणाली तपासून पाहावी, या मतावर मी ठाम आहे.