लताबाईंच्या गावात सुमन कल्याणपूर ऐकवायच्या आहेत, कशा ऐकवाव्यात?

सुदामानगरचा श्रोता

नमस्कार. आमच्या वसाहतीतील मराठी मंडळी दर दोन महिन्यांनी जमून जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकतात. वाद्यवृंद नसतो, गाणारेही कोणी नसते. एक बऱ्यापैकी ध्वनिक्षेपक, पन्नास-साठ खुर्च्या आणि दोन गाण्यांच्या मध्ये चार वाक्ये बोलणारा एक निवेदक, एवढाच सरंजाम. २८ जानेवारी हा सुमन कल्याणपूर यांचा जन्मदिवस असल्यामुळे जानेवारीची बैठक त्यांच्या गाण्यांची करायची असे ठरले आणि निवेदन माझ्या गळ्यात आले.

अडचण अशी की हे इंदूर आहे. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ मध्ये याच शहरात, शीख मोहल्ल्यात झाला, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मध्य प्रदेश शासन १९८४ पासून त्यांच्या नावाने जो राष्ट्रीय सन्मान देते, त्याचा सोहळाही येथलाच. मागच्या आठवड्यात तयारी म्हणून मी चार जणांना चार गाणी ऐकवली. ‘दिल एक मंदिर’मधील ‘जूही की कली मेरी लाडली’चा मुखडा संपतो न संपतो तोच आमचे एक ज्येष्ठ काका मान डोलावून म्हणाले, ‘अगदी लताच हो!’ त्यांनी ते मनापासून कौतुकाने म्हटले, यात शंका नाही. पण त्यानंतर ते गाणे कोणी ऐकलेच नाही, कारण पुढची पाच मिनिटे लताबाईंविषयीच बोलणे चालले.

म्हणून विचारतो. ही तुलना निवेदनातून पूर्णपणे टाळावी का, आणि टाळायची तर गाणी कोणती निवडावीत, म्हणजे ऐकणाऱ्याचे लक्ष समोरच्या आवाजावरच राहील? दोन तास आहेत, म्हणजे बोलणे धरून वीसेक गाणी बसतील.

जुनी तबकडी

टाळून टळणार नाही, तेव्हा तिचाच खेळ करावा असे मी सुचवीन. गायिकेचे नाव न सांगता आठ-दहा गाण्यांचे मुखडे वाजवावेत, काही लताबाईंचे आणि काही सुमनताईंचे, आणि श्रोत्यांना ओळखायला सांगावे. आमच्या मंडळात एकदा असे केले होते. भलेभले चुकले आणि मजा आली.

रामबाग ते राजवाडा

‘जुनी तबकडी’ यांच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो का आहे ते थोडे सविस्तर लिहितो.

असे कोडे घातले की श्रोता पूर्ण वेळ एकच गोष्ट शोधत राहतो: ही ती आहे की ती नाही. चुकला तर म्हणतो, ‘वा, काय हुबेहूब!’ आणि बरोबर आला तर म्हणतो, ‘थोडा फरक आहे बघा.’ दोन्हीकडे मापाची पट्टी लताबाईंचीच राहते. एखाद्याचा धाकटा भाऊ त्याच्यासारखा दिसतो म्हणून त्याला आयुष्यभर थोरल्याच्या नावाने हाक मारावी, तसे हे आहे. आणि येथे तर नातेही नाही.

दुसरी गोष्ट, निवेदनात एक समज आपण जरूर दूर करावा. महंमद रफी आणि लता मंगेशकर यांच्यात १९६३ च्या सुमारास गाण्यांच्या स्वामित्वधनावरून मतभेद झाले आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबवले. त्या काळात रफींबरोबरची अनेक युगुलगीते सुमनताईंकडे आली, हे खरे आहे. ‘तुमने पुकारा और हम चले आए’ (१९६४), ‘ना ना करते प्यार’ (१९६५), ‘इतना है तुमसे प्यार मुझे’ (१९६६) ही सगळी त्या काळातली. पण यावरून लोक जो निष्कर्ष काढतात, की रिकामी जागा मिळाली म्हणून त्या पुढे आल्या, तो सनावळी पाहिली की उभा राहत नाही. ढाक्यात जन्मलेल्या या मुलीचे कुटुंब १९४३ मध्ये मुंबईस आले. केशवराव भोळे यांच्याकडे तिचे सुरुवातीचे शिक्षण झाले. १९५२ मध्ये ती आकाशवाणीवर गायली आणि १९५४ मध्ये, सुमन हेमाडी या माहेरच्या नावाने, हिंदी चित्रपटात आली. त्याच वर्षी ‘दरवाजा’मध्ये तलत महमूद यांच्याबरोबर तिचे युगुलगीत आहे. ‘बरसात की रात’ १९६० चा, ‘शमा’मधील ‘दिल ग़म से जल रहा है’ १९६१ चे, आणि हेमंतकुमारांबरोबरचे ‘न तुम हमें जानो’ १९६२ चे. म्हणजे भांडण सुरू होण्यापूर्वीच रोशन, गुलाम मोहम्मद आणि सचिनदेव बर्मन यांनी या आवाजावर भरवसा टाकलेला होता. आपला पहिला अर्धा तास याच गाण्यांना द्यावा आणि रफींबरोबरची गाणी मुद्दाम नंतर घ्यावीत. श्रोत्याला क्रमानेच कळेल. वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ग्वाल्हेरहून

मी गाणे शिकलो आहे, फार नाही, पण ग्वाल्हेरात राहून जेवढे कानावर पडते तेवढे पडले आहे. वरील दोन्ही मतांशी मी अर्धा-अर्धा सहमत आहे.

तुलना टाळू नये, पण ती एकदाच आणि नीट करावी. त्यासाठी ‘ममता’ (१९६६) हा चित्रपट आपोआप हाताशी आलेला आहे. रोशन यांची एकच चाल, मजरूह सुलतानपुरींचे शब्द, ‘रहें ना रहें हम’. आईच्या तोंडी ती लताबाईंच्या एकल आवाजात येते, आणि पुढच्या पिढीत महंमद रफी व सुमन कल्याणपूर यांच्या युगुलगीताच्या रूपात. दोन्ही गाणी पाठोपाठ वाजवा आणि मध्ये एक शब्दही बोलू नका. लताबाई त्या चालीत जणू काही निघून गेल्यानंतरचे गातात. स्वर सरळ, टोकदार, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित मागे वळून पाहणारा. सुमनताईंचा स्वर तेथे पुढच्या स्वरावर थांबण्याआधी जरा सैल होतो, कडा मऊ होतात, आणि रफींच्या आवाजाला तो जागा करून देतो. पट्टी तीच, गोडवा जवळजवळ तोच, पण स्वर टाकण्याची पद्धत वेगळी. हे एकदा कानाला कळले की पुढे ‘अगदी लताच’ म्हणणारा माणूस स्वतःच घुटमळेल.

तांत्रिक अंगाने दोन गाणी जरूर घ्या. एक, ‘बरसात की रात’च्या श्रेयनामावलीवरचे ‘गरजत बरसत सावन आयो रे’. कमल बारोट यांच्याबरोबर गायलेले हे गाणे गौड मल्हारात आहे. त्यातील जलद जागा पाहा, कोठेही दाखवण्याचा आव नाही, तान जेथून उचलली तेथेच ती हलकेच ठेवलेली आहे. दुसरे, ‘शगुन’ (१९६४) मधील ‘बुझा दिए हैं ख़ुद अपने हाथों’. साहिर यांचे शब्द आणि खय्याम यांची संथ, जवळजवळ थांबलेली चाल. अशा लयीत श्वास कोठे घेतला ते ऐकू येऊ लागले की गायक उघडा पडतो. येथे तो शोधूनही सापडत नाही, आणि दुःख वाढवून सांगण्याचा मोह तर एका ओळीतही नाही. माझ्या मते त्यांच्या सर्व हिंदी गाण्यांत हे पहिल्या क्रमांकाचे आहे. ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ वाजले की टाळ्या पडतील हे मला ठाऊक आहे. तरी या गाण्याला टाळ्या पडल्या नाहीत तर ती शांतता चांगली समजा.

एक उणेही सांगतो, नाहीतर ही चर्चा आरतीच व्हायची. थट्टेची, खट्याळ गाणी त्यांच्या वाट्याला फार आली नाहीत, आणि जी आली त्यांतल्या काहींत तो खट्याळपणा शब्दांत आहे, आवाजात नाही.

रामबाग ते राजवाडा

‘ममता’ची जोडी मान्य. ती कोडे म्हणून न ठेवता दोन्ही नावे आधी सांगून ऐकवली तर माझा विरोधच उरत नाही.

खट्याळपणाबद्दल मात्र ‘मियां बीवी राज़ी’ (१९६०) मधील ‘छोड़ो छोड़ो मोरी बैयां’ पुन्हा एकदा ऐकावे ही विनंती. सचिनदांनी तेथे हवा तेवढा लाडिकपणा काढून घेतला आहे. प्रश्न आवाजाचा कमी आणि संगीतकारांनी काय मागितले याचा अधिक असावा. शिवाय मोठ्या चित्रपटांतील नायिकांची एकल गाणी त्यांच्याकडे थोडी आली. ‘नूरमहल’मधील ‘मेरे महबूब न जा’ आज लाखो लोकांना पाठ आहे, पण तो चित्रपट पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आजीची नात

आपण सगळे हिंदीतच अडकला आहात. बैठक मराठी माणसांची आहे ना?

माझा जन्म इंदूरचा, आईचाही इंदूरचाच. आमच्या घरात मराठी बोलली जाते, पण माझ्या मुलाला मराठी वाचताना अजून बोट ठेवावे लागते. त्याला ‘निंबोणीच्या झाडामागे’ मात्र पूर्ण येते, कारण माझ्या आजीने ते आईला, आईने मला आणि मी त्याला झोपवताना म्हटले. मधुसूदन कालेलकरांचे शब्द, एन. दत्ता यांची चाल, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आणि गाणे १९७७ च्या चित्रपटातले आहे हे कळले तेव्हा आजीने ते आईला लहानपणी म्हटले असणे शक्यच नाही, हेही लक्षात आले! तेव्हा आई नोकरीला लागलेली होती. तरीही आमच्या घरात ते ‘आजीचे गाणे’ म्हणूनच चालते आणि कोणी दुरुस्त करीत नाही.

सांगायचे ते असे की मराठी गाण्यांत ‘लतासारखी’ हा शब्द कोणाच्या तोंडी येतच नाही. दशरथ पुजारी यांच्या चालीवरचे ‘केशवा माधवा’ किंवा ‘रिमझिम झरती श्रावणधारा’ लागले की ते सुमन कल्याणपूरचेच असते. अशोक पत्की यांचे ‘केतकीच्या बनी’ तर दुसऱ्या कोणाच्या आवाजात मनात येऊच शकत नाही. याचे कारण मला वाटते ते असे, की भावगीत हे त्या आवाजाच्या मापाने शिवलेले होते. तेथे पडद्यावर नायिका नाही, तिचा चेहरा नाही, मोठा वाद्यवृंद नाही. एक कविता, एक चाल आणि हळू बोलणारा एक आवाज. मुंबईच्या स्टुडिओत जो हळुवारपणा कधी कधी मागे पडत असेल, तोच आकाशवाणीवर सकाळी साडेसातला स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत होता.

म्हणून माझी सूचना अशी की सुरुवातच मराठीने करा. आधी चार भावगीते, मग हिंदी. काकांचा कान एकदा त्या आवाजाला त्याच्या नावाने ओळखू लागला की ‘जूही की कली’ त्यांना वेगळी ऐकू येईल.

जुनी तबकडी

कोड्याची सूचना मागे घेतो. ‘आजीची नात’ यांचा क्रम माझ्या डोक्यात आला नव्हता. एक भर घालतो: हेमंतकुमारांच्या संगीतातील ‘चांद’ (१९५९) मध्ये ‘कभी आज कभी कल कभी परसों’ हे गाणे लता मंगेशकर आणि सुमन कल्याणपूर यांनी एकत्र गायले आहे. इंदुरात बैठक आहे, तेव्हा ते हवेच.

सुदामानगरचा श्रोता

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. सुरुवात चार मराठी गाण्यांनी करीन, नंतर १९६० ते ६२ ची हिंदी गाणी, मग ‘शगुन’, आणि रफींबरोबरची युगुलगीते मध्यंतरानंतर. ‘ममता’ची जोडी त्याच टप्प्यात, दोन्ही नावे आधी सांगून. २०२३ च्या पद्मभूषणाचा उल्लेख एका वाक्यात करीन. निवेदनात पुरस्कारांची यादी वाचायला लागलो की आमच्याकडे लोक पोह्यांच्या पातेल्याकडे पाहू लागतात.

काल संध्याकाळी त्याच काकांच्या घरी जाऊन ‘बुझा दिए हैं’ ऐकवले, नाव न सांगता नव्हे, सांगूनच. ते संपेपर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले की हे गाणे त्यांनी विविध भारतीवर पूर्वी ऐकलेले आहे, पण कोणाचे ते विचारावे असे तेव्हा वाटले नव्हते. नंतर पुन्हा एकदा लावायला सांगितले.

‘चांद’मधील गाणे कोठे ठेवावे एवढेच ठरत नाही. शेवटी ठेवले तर बैठक पुन्हा लताबाईंवर संपेल, आणि ‘केतकीच्या बनी’ आधीच होऊन गेलेले असेल. मध्यंतराच्या लगेच आधी ठेवून पाहतो. चहा घेताना वाद घालायला विषय होईल, आणि बैठकीचा शेवट ‘निंबोणीच्या झाडामागे’वर करता येईल. त्या वेळेपर्यंत निम्मी लहान मुले खुर्च्यांवर झोपलेलीच असतात.