नोकरी सांभाळून मुंबईत पक्ष्यांचे फोटो, जमतं का?

डोंबिवली_फास्ट: रविवार सोडला तर आयुष्य ट्रेनमध्येच जातंय. डीएसएलआर आणि ७०-३०० लेन्स धूळ खात पडलीय, ताडोबा वगैरे सध्या बजेटबाहेर. मुंबईतच सुरुवात कुठून करू? शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेलो तर नुसता चिखल दिसला.

खारफुटी: अरे भरतीचं टेबल न बघता गेलास का? पूर्ण ओहोटीला ते पार लांब जातात आणि पूर्ण भरतीला चिखलच पाण्याखाली, मग बरेच थवे नेरुळच्या पाणथळींवर जाऊन बसतात, त्यामुळे मधली वेळ पकडायची. साधारण नोव्हेंबर ते मे. ऐरोलीहून वनखात्याची बोट असते, तीही भरती बघूनच सोडतात. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, उगाच नाही.

चाळीतला_तांबट: फ्लेमिंगोच का पण सगळ्यांना? सोसायटीतला पिंपळ फळांनी लगडला की तांबट, कोकीळ, बुलबुल घरबसल्या मिळतात, चहा पिता पिता. दयाळ तर फेब्रुवारी-मार्चपासून पहाटेच गायला लागतो.

धारावीकर: माहीम निसर्ग उद्यान बघ, सायनहून जवळ. पूर्वी तिथे डम्पिंग ग्राउंड होतं, आता झाडीत शिरलं की खरं वाटत नाही. ३०० एमएम पुरते, उडत्या पक्ष्याला शटर स्पीड १/१००० सेकंदापेक्षा वेगवान ठेव. आणि प्लीज मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवू नको, घरट्याजवळ तर अजिबात नाही.

डोंबिवली_फास्ट: भारी! भरतीचं टेबल कुठल्या अ‍ॅपवर बघता?

खारफुटी: गूगलवर ‘मुंबई टाइड’ टाक, बास.