हीट पंपाची तांब्याची कॉइल दोन वर्षांतच फुटली, दोष पाण्याचा?

फार्महाऊस_कर्जत
मंडळी, कर्जतजवळ ६० हजार लिटरचा स्विमिंग पूल आहे. त्याचं पाणी गरम करणाऱ्या हीट पंपाची कॉइल गेल्या महिन्यात गळायला लागली. सर्व्हिसवाला म्हणतो तांबंच हलकं. पण पावसाळाभर इनलेटखाली (पाणी पुलात परत येतं त्या तोंडाखाली) टाइल्सवर निळसर-हिरवे ओघळ दिसत होते, पाणी मात्र काचेसारखं. आमचे केअरटेकर काका रोज पाणी तपासायचं किट लावतात. क्लोरीनची नळी पिवळी, पीएचचीही पिवळी. "दोन्ही मॅचिंग, म्हणजे झकास" हे त्यांचं गणित, आणि खोटं कशाला बोलू, माझंही. टीसीसीएच्या (क्लोरीनच्या) गोळ्या स्किमरच्या, म्हणजे पंपाकडे जाणारं पाणी जिथून ओढलं जातं त्या जाळीच्या टोपलीत असतात. पंप रात्री बंद. नवी कॉइल टाकण्याआधी काय बघू?

जुना_पूलवाला
अहो, तिथेच घोळ आहे! क्लोरीनची नळी पिवळीच यायची. पीएचची नारिंगी ते लालसर हवी. ती पिवळी म्हणजे पीएच ६.८ किंवा त्याखाली, पाणी आंबट; किती खाली ते किट सांगत नाही. ते हिरवे ओघळ म्हणजे तुमची कॉइलच, विरघळून टाइलवर बसलेली.

टीसीसीएच्या द्रावणाचा पीएच जेमतेम ३. रात्री पंप बंद असताना गोळी टोपलीत विरघळतच राहते, आणि सकाळी बटण दाबलं की तो आंबट घोट थेट कॉइलमधून जातो. रोज! गोळ्या आजच फ्लोटरमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत) टाका. (त्याच फ्लोटरमध्ये किंवा डब्यात ब्लीचिंग पावडर चुकूनही नको, आग लागते.)

दुसरं, पाऊस. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी (पीएच घसरू न देणारी पाण्याची ताकद) जवळजवळ नसते. पूल भरून वाहतो तेव्हा तुमची बाहेर जाते. थेंबांच्या किटने मोजा. ८० ते १२० पीपीएम हवी. तुमच्या पुलाला १० पीपीएम वाढवायला साधारण एक किलो खायचा सोडा लागतो. गोळ्यांमुळे सायन्युरिक ॲसिड (गोळीतून क्लोरीनबरोबर सुटणारं स्टॅबिलायझर) साठलं असेल तर रीडिंगमधला काही भाग त्याचाच असतो, तेही तपासा.

मुळशी_४१०
सरळ टायटॅनियमची कॉइल घ्या, कटकट संपली.

जुना_पूलवाला
टायटॅनियम टिकेल हो. टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट, पंपाचं सील, स्टीलची शिडी यांचं काय? घ्या जरूर, पण पाणी सुधारून.

बोअरवाली_ताई
आमचं नेमकं उलटं. हजार लिटरचा स्पा, बोअरचं पाणी, हार्डनेस (पाण्यातले क्षार) ४५०. जेट्स चालू केले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप ८.२ वर. हीटरच्या रॉडवर अंड्याच्या कवचासारखा थर बसला होता, चाकूने खरवडला तर टवका निघाला. आता थोडं थोडं ॲसिड टाकून ७.४ ला ठेवते आणि अल्कलिनिटी ८०च्या वर जाऊ देत नाही. गरम पाण्यात क्षार लवकर बसतात, त्यामुळे पुलाचे आकडे जसेच्या तसे स्पाला लावू नका.

फार्महाऊस_कर्जत
अल्कलिनिटी मोजली. ३०! पाच किलो सोडा दोन हप्त्यांत टाकला, पीएच चढावा म्हणून इनलेटची तोंडं वर वळवून दोन दिवस पाणी खळखळवलं. आज सकाळी काकांचा फोन: "दादा, किट बिघडलंय, नळी नारिंगी येतेय."

जुना_पूलवाला
😂 काकांना चहा पाजा माझ्याकडून. कॉइल बसवायला हरकत नाही.