मदत हवी आहे: लेणीजवळ, हायवेला लागून फ्लॅट. बँक पुरातत्त्वचा कागद मागतेय

घरशोध_नाशिक:
मंडळी, तातडीने उत्तर हवंय. फ्लॅट बुक केलाय, शुक्रवारी अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायचं ठरलंय. लोन मंजूर झालं होतं आणि आता बँकेचा वकील म्हणतो पुरातत्त्वची एनओसी आणा. बिल्डरने एका पानाचा फोटो पाठवला, तो वकिलाने परत केला. कारण विचारलं तर "जुळत नाही" एवढंच उत्तर. बिल्डिंग लेणीपासून चांगली लांब आहे. रेरा (गृहप्रकल्प नियामक) नंबर आहे, सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला) आहे. मग अडचण काय? दुसरी बँक धरू का?

सातबारा:
कुठली लेणी? केंद्र संरक्षित की राज्य संरक्षित? अंतर किती आणि ते कुठून मोजलं? महापालिका हद्द की ग्रामपंचायत? एकूण मजले किती, तुमचा कितवा? त्या पानावर काय लिहिलंय? यातलं काहीच न सांगता बँक बदलायचं म्हणताय. दुसऱ्या बँकेचा वकीलही हेच विचारेल.

कंदी_खिडकी:
हायवेला लागून असेल तर कागदांइतकंच खिडक्यांकडे बघा. बिल्डर स्लायडिंग देतो, तिच्या ब्रशच्या सीलमधून आवाज सरळ आत येतो. कब्ज्यावर बाहेर उघडणारी, चारही बाजूंनी रबरी गॅस्केट दाबून बसणारी यूपीव्हीसी खिडकी मागा. दुहेरी काच घेतलीत तर दोन्ही काचा एकाच जाडीच्या नकोत. एक ६ मिमी, दुसरी ८ मिमी, म्हणजे दोन्ही एकाच सुरात थरथरत नाहीत. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हायवेच्या पहिल्या रांगेत उघड्या खिडकीने ती गाठता येत नाही.

घरशोध_नाशिक:
पांडवलेणी हो, पाथर्डी फाट्याच्या बाजूला. महापालिका हद्द. गूगलवर मोजलं, लेणीपासून ४०० मीटर भरतं. म्हणजे ३०० च्या बाहेर. विषय संपला ना? खिडक्यांचं नंतर बघतो.

सातबारा:
संपला नाही. अंतर लेणीच्या तोंडापासून मोजत नाहीत, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, त्यातली कलमं २०अ आणि २०ब बघा. हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, तिथे नवं बांधकाम नाहीच. तिथून पुढचे २०० मीटर विनियमित, तिथे परवानगी घेऊनच. गूगलवरची टाचणी गुंफेवर असते. संरक्षित गटाची हद्द तिथून किती खाली येते ते मोजणीच्या नकाशाशिवाय कळत नाही.
आणि साधी गोष्ट आहे. प्लॉट ३०० च्या बाहेर असता तर बिल्डरने एनओसी काढलीच कशाला असती?

रस्तारेषा:
हायवेचं कोणीच बोलत नाही. महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा (तिच्या आत बांधकाम नाही) आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा (तिथपर्यंत बांधकामावर निर्बंध) असते. ते आधी तपासा. पुरातत्त्वपेक्षा तेच मोठं प्रकरण आहे.

सातबारा:
४० आणि ७५ हे मोकळ्या, शेतीच्या भागातल्या महामार्गासाठी. महापालिका हद्दीत विकास आराखडा आणि मंजूर नकाशावरची रस्तारेषा बघायची. लोकांना उगाच घाबरवू नका.

रस्तारेषा:
घाबरवत नाही. मंजूर नकाशा बघा हे मलाही मान्य. पण प्रवेशाचं काय? राष्ट्रीय महामार्गावर थेट गेट काढायला महामार्ग खात्याची वेगळी परवानगी लागते, नकाशा मंजूर झाला म्हणून ती मिळत नाही. गेट सर्व्हिस रोडवर आहे की मुख्य रस्त्यावर, ते नकाशावर दिसेल. परवानगीशिवाय दुभाजक किंवा नालीवरचा स्लॅब तोडून रस्ता काढला असेल तर खातं तो बंद करू शकतं. मग मागच्या गल्लीतून यावं लागतं. ती गल्ली अरुंद असेल तर आगीचा बंब कसा आत येणार?

घरशोध_नाशिक:
गेट सर्व्हिस रोडवरच आहे. ते सोडा. पानावर लिहिलंय: सर्व्हे नंबर (तो बरोबर आहे), "पार्किंग + ५ मजले, एकूण उंची २१ मीटर, मम्टी, पॅरापेट, पाण्याची टाकी इत्यादींसह" (मम्टी म्हणजे गच्चीवरची जिन्याची खोली, पॅरापेट म्हणजे कठडा). सही-शिक्का आहे. खरा कागद आहे, मग जुळत काय नाही?

इस्टिमेट:
बिल्डिंग किती मजल्यांची चाललीय ते अजून सांगितलं नाहीत.

घरशोध_नाशिक:
सात. माझा सातवा.

इस्टिमेट:
मग वकील बरोबर आहे. हिशोब बघा. पार्किंग ३ मीटर धरा. मजला २.९ मीटर, सात मजले म्हणजे २०.३. गच्चीच्या स्लॅबपर्यंतच २३.३ झाले. वर पॅरापेट, जिन्याची खोली, लिफ्टची मशीन रूम आणि टाकी. टाकीचा माथा गच्चीपासून ४.५ मीटर धरला तर २७.८. पानावर २१ आहे आणि त्यात टाकीही धरलेली आहे. पाच मजल्यांना ३ + १४.५ + साडेतीन असा तो आकडा बरोबर बसतो. परवानगी जुन्या नकाशावर घेतली आणि नकाशा नंतर सुधारित केला, असंच दिसतंय. महापालिकेच्या नियमांतली उंची आणि या एनओसीतली उंची वेगळ्या पद्धतीने मोजतात. लिफ्टची खोली महापालिका उंचीत धरत नाही, इथे धरतात. गोंधळ नेहमी तिथेच होतो.

घरशोध_नाशिक:
बिल्डरला आत्ता फोन केला. म्हणाला सुधारित एनओसी ओसीच्या (भोगवटा प्रमाणपत्राच्या) वेळी येईल, आजवर असंच होत आलंय.

सातबारा:
ओसीच्या वेळी महापालिका हाच कागद मागणार. उंची जुळली नाही तर खालच्या मजल्यांना अंशतः भोगवटा मिळेल आणि तुमचा सातवा लटकेल. पाणी जोडणी आणि शेवटचा हप्ता दोन्ही अडकतील. विनियमित क्षेत्रात परवानगीविना बांधकाम केलं तर कलम ३०ब खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानगीपेक्षा उंच बांधलेल्या भागाला परवानगी नाही असंच धरलं जाईल.

माहिती_अधिकार:
शुक्रवारपर्यंत थांबा आणि आजच पुरातत्त्वच्या छत्रपती संभाजीनगर मंडळात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. संरक्षित हद्दीचा नकाशा मागा.

सातबारा:
माहिती अधिकाराला ३० दिवस. शुक्रवार उद्यानंतर आहे. अर्ज जरूर टाकावा, पण तारीख आधी पुढे ढकलावी. सुधारित परवानगीचा अर्ज जागामालक किंवा विकासकच करू शकतो, ग्राहक नाही. कायद्यातली मुदत अशी: सक्षम प्राधिकारी (परवानगी देणारा अधिकारी) १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरण २ महिन्यांत शिफारस कळवतं, मग सक्षम प्राधिकारी १ महिन्यात निर्णय देतो. बिल्डरला एकच विचारा: सुधारित अर्ज ऑनलाइन टाकलाय का? टाकला असेल तर पोचपावती असते.

शिलालेख:
या सगळ्यात डोंगराचं कोणी बोलत नाही. २४ लेण्यांचा हा समूह. ३ नंबरच्या लेणीत सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे. १० नंबरमध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ठेवलेल्या ३००० कार्षापणांचा (त्या काळची नाणी) हिशोब कोरलाय: २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) महिना शेकडा एक दराने, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल खर्च करायचं नाही, फक्त व्याज. हा करार दगडात कोरून ठेवला म्हणून आज वाचता येतो. पायथ्याशी उंच इमारतींची भिंत उभी राहिली तर शहरातून डोंगर दिसणार नाही. खोदकामाला ब्रेकर की सुरुंग, हेही विचारा. त्याच कातळात लेणी आहेत.

घरशोध_नाशिक:
खोदकाम कधीच झालंय. मी १२ लाख भरलेत त्याचं सांगा.

इस्टिमेट:
हे आत्ता सांगताय! फ्लॅट कितीचा? अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर नसताना?

घरशोध_नाशिक:
९० लाख. हो, पावत्या आहेत. अलॉटमेंट लेटर गेल्या सोमवारचं.

सातबारा:
रेरा कायद्याचं कलम १३: रजिस्टर अ‍ॅग्रीमेंटआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ९ लाखांच्या वरचे ३ लाख बिल्डरने घ्यायलाच नको होते. तुमची पकड इथे आहे. महारेराच्या ठरलेल्या नमुन्यातलं अलॉटमेंट लेटर असेल तर १५ दिवसांच्या आत रद्द केल्यास कपात नाही. १६ ते ३० दिवसांत १ टक्का, म्हणजे ९० हजार. तुमचे १५ दिवस अजून संपलेले नाहीत, तारीख मोजा. आज रात्रीच ईमेल करा: मंजूर सुधारित नकाशा द्या, त्या उंचीची एनओसी द्या, तोवर नोंदणी पुढे. फोनवर बोलू नका, सगळं लेखी.

करगणित:
जीएसटी ५ टक्के धरलाय ना? ९० लाखांवर साडेचार लाख. ओसीनंतर घेतला तर शून्य.

घरशोध_नाशिक:
ईमेल केला. शुक्रवारचं रद्द. बिल्डर चिडलाय, म्हणतो त्याच भावात पाचव्यावरचा फ्लॅट देतो. पाचवा चालेल का?

इस्टिमेट:
पाचव्याचा स्लॅब १७.५ वर येतो, पानातल्या उंचीत बसतो. पण वर दोन मजले परवानगीविना उभे असतील तर ओसी त्या वादात अडकू शकते. आधी नकाशा हातात येऊ द्या.

कंदी_खिडकी:
पाचवा असो की सातवा, हायवेच्या बाजूची बेडरूम असेल तर ६ आणि ८ मिमी लिहून घ्या.