मदत हवी आहे: राजगिऱ्याच्या स्टार्चने बांधलेल्या ड्रेसिंगमधून तेल सुटते

नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते आणि अंडे न घातलेले सॅलड ड्रेसिंग घरी करून ओळखीच्या कुटुंबांना देते. आजवर त्यासाठी झँथन गम (ड्रेसिंग दाट करणारी पूड) वापरत होते, परंतु त्याने येणारा बुळबुळीतपणा मला कधीच रुचला नाही, म्हणून आता पिकरिंग इमल्शनचा (इमल्शन म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब टिकून राहिलेले मिश्रण) प्रयत्न करते आहे.

यात अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनसारख्या, तेल-पाणी बांधणाऱ्या रेणूंऐवजी बारीक घन कण तेलाच्या थेंबांभोवती कवच धरतात. रॅम्सडेन या शास्त्रज्ञांनी १९०३ मध्ये आणि पिकरिंग यांनी १९०७ मध्ये हे नोंदवले होते. कण तेल आणि पाणी दोघांनीही थोडाथोडा भिजत असेल, तर एकदा तेल-पाण्याच्या सीमेवर बसलेला कण सहसा सुटत नाही. राजगिरा निवडला तो त्याच्या स्टार्चचे कण जेमतेम एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात म्हणून; बटाट्याचे कण याच्या कितीतरी पट मोठे.

तुर्भ्याच्या बाजारातून आणलेला अर्धा किलो राजगिरा मी रात्रभर भिजवला, मिक्सरवर वाटून मलमलीच्या फडक्यातून गाळला, गव्हाच्या चिकाप्रमाणे रात्रभर निवळत ठेवला, वरचे गढूळ पाणी ओतून दिले आणि तळाचा साका वाळवून दळला. त्यातील ६० ग्रॅम ६०० मिली पाण्यात कालवून, ३०० मिली सूर्यफूल तेल घालून तीन मिनिटे हँड ब्लेंडर फिरवला. लिंबू आणि मीठ शेवटी. दुसऱ्या दिवशी तळाशी पाण्याचा थर आला. त्याची मला चिंता नाही, कारण बाटली हलवली की तो मिसळतो. परंतु तिसऱ्या दिवशी वर निव्वळ तेल तरंगू लागले, म्हणजे थेंबच एकमेकांत मिसळून मोठे झाले, आणि ते हलवूनही परत बसत नाही.

नुसत्या स्टार्चला पाण्याची ओढ जास्त असते, हे कारण असेल का? तेलाची ओढ वाढावी म्हणून ऑक्टेनिल सक्सिनेट हे रसायन लावलेले स्टार्च (खाद्य-घटक क्रमांक आयएनएस १४५०) मिळते, पण रासायनिक बदल केलेला घटक मला शक्यतो टाळायचा आहे. कोरड्या उष्णतेने कणांवरील प्रथिने बदलून कण तेलाकडे अधिक झुकतात असे वाचले आहे. घरच्या ओव्हनमध्ये ते जमेल का?

उत्तर (ठाण्याहून):

ताई, ओव्हनकडे वळण्याआधी निवळण्याच्या पायरीकडे पाहा, कारण माझ्या मते तुम्ही नेमका हवा तो भाग ओतून दिलात. कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. गव्हाचे मोठे कण वीस-तीस मायक्रॉनचे असल्यामुळे चीक रात्रीत बसतो. राजगिऱ्याचा एक मायक्रॉनचा सुटा कण तासाला जेमतेम एक मिलिमीटर खाली जातो, म्हणजे दहा सेंटिमीटर खोल पातेल्यात त्याला चार दिवस लागतील. तुमच्या तळाशी बसले ते बहुधा कोंडा, प्रथिने आणि कणांचे गठ्ठे. वाळवल्याने ते गठ्ठे अधिकच घट्ट झाले असणार, आणि हँड ब्लेंडर ते फोडू शकत नाही. थेंब नीट झाकायचा तर कण थेंबापेक्षा साधारण दहापट तरी लहान हवा.

गाळलेले पाणी उथळ ताटांत दोन सेंटिमीटरहून कमी खोलीने ओतून फ्रिजमध्ये दीड-दोन दिवस ठेवा, कारण बाहेर ते आंबेल. वरचे पाणी हलक्या हाताने काढून उरलेला पांढरा साका न वाळवता, ओलाच वापरा. तो ओला असल्यामुळे वजनाचा हिशेब चुकेल. म्हणून थोडासा वेगळा वाळवून त्यात कोरडे स्टार्च किती आहे ते काढा आणि त्या प्रमाणात घ्या.

यानंतरही तेल सुटले तरच उष्णतेचा मार्ग घ्या. त्यासाठी मात्र स्टार्च पूर्ण कोरडे हवे. ओलसर असेल तर कण फुगून त्याची खळ होईल. पहिल्या खेपेला लिंबू-मीठ न घालता एक बाटली वेगळी ठेवा, म्हणजे दोष कणांचा की लिंबू-मिठाचा हे तिसऱ्या दिवशी कळेल.