किस्से पाठ, चित्रपट न पाहिलेले : हे प्रेम नेमके कशावर?

रीळ क्रमांक चार (धागाकर्ते) :

गेल्या महिन्यात एरंडवण्यातील एका सभागृहात प्रभात फिल्म कंपनीच्या आठवणींचा कार्यक्रम होता. तिकीट लावलेले असूनही दोनशेच्या आसपास माणसे आली होती आणि त्यांतील बहुतेकांचे केस माझ्यासारखेच पांढरे होते. निवेदकांनी देव आनंद आणि गुरुदत्त यांच्या शर्टाची गोष्ट छान रंगवून सांगितली. धोब्याकडे कपड्यांची अदलाबदल झाली, प्रभातच्या आवारात एकाने दुसऱ्याच्या अंगावरचा आपला शर्ट ओळखला आणि तिथून जन्माची मैत्री जुळली, हा किस्सा आपल्यापैकी प्रत्येकाने पाच-पंचवीस वेळा तरी ऐकला असेल. टाळ्या पडल्या. मध्यंतरात चहाच्या रांगेत मी पुढच्या-मागच्या अकरा जणांना विचारले, की ज्या चित्रपटाच्या वेळी हे दोघे पुण्यात होते, तो १९४६ चा ‘हम एक हैं’ आपण पाहिला आहे काय? एकानेही पाहिलेला नव्हता. मीही पाहिलेला नाही, हे इथेच कबूल करून टाकतो.

हा धागा त्यासाठीच काढला आहे. जुन्या चित्रपटांवर आपले प्रेम आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते बहुधा नटनट्यांच्या चरित्रांवर, त्यांच्याविषयीच्या हकिकतींवर आणि चार गाण्यांवर असते, आणि त्यातून मिळणारे समाधान इतके पुरेसे असते की चित्रपट पाहायची गरजच उरत नाही. ललिता पवारांचा डोळा कसा अधू झाला हे सांगणारे शंभर भेटतील. त्या अपघाताआधी त्या नायिका होत्या, त्या काळातले त्यांचे एखादे काम पाहिलेला मला अजून एकही भेटलेला नाही.

याची सर्वांत मोठी किंमत गौरी या नटीने मोजली आहे. १९३६ च्या ‘संत तुकाराम’विषयी बोलताना सगळे विष्णुपंत पागनिसांविषयी बोलतात. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा नट तुकोबा कसा झाला, आणि १९३७ मध्ये हा चित्रपट व्हेनिसपर्यंत कसा पोहोचला, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण चित्रपट पाहायला बसलात तर तुमच्या लक्षात येईल, की दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी पायाखाली खरीखुरी जमीन दिली आहे ती तुकोबांच्या बायकोला. पोरगे तापाने फणफणलेले, घरात दाणा नाही, आणि ही जिजाई एका हाताने पोराला ओढीत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते. तिच्या चालण्यात कुठेही ‘अभिनय’ नाही. म्हशीच्या शेणात रोज हात घालणारी बाई जशी चालेल तशी ती चालते. गौरीचा किस्सा कुणाला ठाऊक नाही, म्हणून तिच्या नावाने एकही संध्याकाळ झालेली मी पाहिलेली नाही.

किस्से थोडे बंद करावेत आणि चित्रपट लावावेत, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

पेठेतली :

आपल्या तक्रारीतला गौरीचा भाग मला मान्य आहे, बाकीचा नाही. ज्याला आपण किस्सा म्हणून बाजूला सारता, तो कित्येकदा त्या चित्रपटाचाच उरलेला भाग असतो.

शांता आपट्यांचे उदाहरण घ्या. १९३९ मध्ये करारावरून कंपनीशी वाद झाला, तेव्हा त्या प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. आज निवेदक ही गोष्ट ‘बाई मोठ्या तापट होत्या’ अशा थाटात सांगून हशा मिळवतात, तो त्या निवेदकांचा दोष आहे, गोष्टीचा नव्हे. त्याआधी दोनच वर्षे ‘कुंकू’ आला होता, आणि त्यात याच बाईंनी म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेल्या, पण नवरा म्हणून त्याला स्वीकारायला ठाम नकार देणाऱ्या नीरेचे काम केले होते. पडद्यावर ‘मी हे मानणार नाही’ म्हणणारी नटी स्टुडिओच्या फाटकापाशी स्वतःच्या करारासाठी तेच म्हणते आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ असे पुस्तकच लिहिते, हे ठाऊक असल्यावर ‘कुंकू’ अधिक दिसतो की कमी? हंसा वाडकरांनी आपले आयुष्य उघडपणे सांगितले नसते, तर १९७७ चा ‘भूमिका’ झालाच नसता. नटीच्या जगण्यातून चित्रपट निघाला आणि स्मिता पाटील यांच्या कामामुळे तो पुन्हा आपल्यापर्यंत आला. यातला किस्सा कोणता आणि चित्रपट कोणता, याची वाटणी आपण कशी करणार?

दुसरी गोष्ट माझ्या घरची आहे. माझी आई पोळ्या लाटताना ‘कशाला उद्याची बात’ म्हणायची आणि पोळपाटाच्या कडेवर बांगड्यांचा ठेका धरायची. ‘माणूस’ची कथा तिला धड आठवत नव्हती, पोलीस होता, मैना होती, एवढेच ती सांगे. शांता हुबळीकर मात्र तिला लख्ख आठवत. त्या गाण्यात गिऱ्हाईक बदलले की भाषा कशी बदलते, ते ती पदर सावरून करून दाखवायची. आईची नक्कल पाहिली नसती, तर पुढे दूरदर्शनवर तो चित्रपट लागला तेव्हा मी दहाव्या मिनिटाला उठून गेले असते. दाराशी उभे असलेल्या माणसाला ‘तू अजून आत का नाहीस’ म्हणून हाकलण्यात काय हशील आहे?

बूथवाला :

मी पुण्यातल्या एका टॉकीजच्या बूथमध्ये बत्तीस वर्षे यंत्र चालवले. पुढे ते टॉकीज पाडले गेले. त्यामुळे चित्रपट पाहणे या विषयावर मला थोडे बोलण्याचा अधिकार असावा, जरी मी बहुतेक चित्रपट भिंतीतल्या वीतभर काचेतून, रीळ बदलण्याच्या खुणेकडे लक्ष ठेवून पाहिले असले तरी. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका येतो, काही सेकंदांनी दुसरा येतो, आणि दुसऱ्या ठिपक्याला हात हलला नाही तर खालून शिट्ट्या सुरू होतात. कार्बनच्या कांड्या जळत राहायच्या, त्यांच्यातले अंतर हाताने सारखे करीत राहावे लागे आणि उन्हाळ्यात बनियन पिळून काढावे लागे.

धागाकर्त्यांना मला एकच विचारायचे आहे. जो चित्रपट उरलाच नाही, त्याचे काय करायचे? १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. आपला हा पहिला बोलपट आज कुणालाही पाहता येत नाही, कारण त्याची एकही प्रत शिल्लक नाही. उरली आहेत ती काही छायाचित्रे, झुबेदा आणि मास्टर विठ्ठल ही नावे, आणि लोकांनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टी. मूकपटांची अवस्था याहून वाईट आहे. जुनी रिळे नायट्रेटची असत. ती आपणहून सडत, ठिणगी पडली तर पाण्यानेही विझत नसत, आणि जी वाचत ती चांदी काढण्यासाठी धुऊन टाकली जात. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून मिळेल ते रीळ गोळा केले, म्हणून आज फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे निदान काही तुकडे तरी दिसतात. तरीही २००३ च्या जानेवारीत प्रभातच्याच जुन्या आवारातील गोदामाला आग लागली आणि नायट्रेटची कितीतरी रिळे गेली.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, कारण कुणी बाई मिळेना, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तोच झाला. हा किस्साच आहे ना? तो लोकांनी सांगत ठेवला नसता, तर साळुंक्यांचे नावही रिळांबरोबर गेले असते. किस्से बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी रिळे आणून द्यावीत.

वसतिगृह, खोली नऊ :

मी इथल्या बहुतेकांपेक्षा चाळीसेक वर्षांनी लहान आहे, त्यामुळे काही चुकले तर सांभाळून घ्यावे. मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या पिढीच्या बाजूने मुळीच नाही.

‘कुंकू’ मी मोबाइलवर तीन रात्रींत पाहिला, तोही खोलीतल्या मैत्रिणी झोपल्यावर, एक कान उघडा ठेवून. शांता आपटे कोण, केशवराव दाते कोण, मला काहीही माहीत नव्हते. त्यामुळे पेठेतली काकू म्हणतात ते दार मला कधी लागलेच नाही, आणि तरीही मी आत गेले. मला आधी जाणवली ती शांतता. त्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. भांडी वाजतात, रस्त्यावरचे आवाज येतात, आणि काकासाहेबांचे जुने घड्याळ टिकटिकत राहते. त्या घड्याळाचा मला नंतर नंतर राग यायला लागला, आणि बहुधा दिग्दर्शकाला तेच हवे असावे. गंमत म्हणजे कानात ते घड्याळ आणि डोक्याशी आमच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ, अशी दोन्ही एकदम चालू होती.

मात्र मोठ्यांकडून आम्हाला या चित्रपटांविषयी काय ऐकायला मिळते? ‘त्या काळी सगळे कसे सोज्वळ होते.’ नीरेच्या घरात काय सोज्वळ आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावे. मामाने फसवून लावलेले लग्न आणि रात्री दाराशी येणारा नवरा, हे पाहून मला झोप लागली नाही. शेवटही मला पटला नाही. काकासाहेब पत्र लिहून जीव देतात आणि तिला मोकळे करतात. म्हणजे इतका वेळ लढली ती, आणि सुटकेचा निर्णय पुन्हा त्यांनीच घेतला. व्ही. शांतारामांशी यावर भांडायला मला आवडले असते. पण असे भांडण काढले की सभागृहातली माणसे ‘तो काळ वेगळा होता’ म्हणून मान हलवतात आणि पुढचे गाणे लावतात.

कोथरूड डेपो :

चहाच्या रांगेतल्या अकरा जणांवरून साऱ्या पुण्याच्या रसिकतेचा निकाल लावण्याची पद्धत अस्सल पुणेरी आहे, याबद्दल धागाकर्त्यांचे अभिनंदन.

आता मुद्द्याचे. नटीवरचे प्रेम आणि चित्रपट पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या, त्या वेगळ्या झाल्या. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यातल्या विजयानंद टॉकीजला अडीच वर्षांच्या आसपास चालला, तो काही चित्रपटभाषेच्या अभ्यासकांनी चालवला नाही. ‘बुगडी माझी सांडली गं’ला जयश्री गडकरांना पाहण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत. त्या काळी प्रेम दाखवायला खिडकीवर पैसे मोजावे लागत, आणि गाण्याच्या अलीकडचा-पलीकडचा चित्रपट आपोआप पाहून होत असे. आज गाणे वेगळे मिळते, फोटो वेगळा मिळतो, किस्सा वेगळा मिळतो. १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ने सुरू झालेल्या अप्पा बळवंत चौकातल्या ‘प्रभात’ टॉकीजवरची पाटीसुद्धा आता वेगळी आहे. प्रेक्षकांना दोष देणे सोपे आहे. जुना मराठी चित्रपट रविवारी दुपारी मोठ्या पडद्यावर, परवडेल अशा दरात लावणारी जागा दाखवा, मी अकरा नव्हे, बावीस माणसे घेऊन येतो.

रीळ क्रमांक चार (धागाकर्ते) :

उपोषणाच्या मुद्द्यावर मी हरलो. ती हकीकत मी इतकी वर्षे तापटपणाची म्हणूनच ऐकली आणि दोनदा तशीच सांगितलीही, त्याची आता लाज वाटते. बूथवाल्यांच्या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नाही. जे उरले नाही त्याच्या आठवणी सांगाव्याच लागतील. माझी तक्रार उरते ती जे उरले आहे त्यापुरती. ‘संत तुकाराम’ आहे, ‘कुंकू’ आहे, ‘माणूस’ आहे, ‘शेजारी’ आहे. ते घरबसल्या पाहता येतात आणि तरीही आपण फक्त सांगतो आणि ऐकतो.

एक कबुली मात्र राहिली. जुन्या बाजारात रविवारी जायची मला सवय आहे, आणि तिथे पितळी नळांच्या ढिगाशेजारी बसणाऱ्या एका गृहस्थांकडून मी चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका घेत असतो. पहिली घेतली ती ‘कुंकू’ची होती. मुखपृष्ठावरचा शांताबाईंचा चेहरा पाहून घेतली; चित्रपट त्यानंतर सात वर्षांनी पाहिला. पुस्तिकेचा कागद इतका पिवळा पडला आहे की उलटताना कडा बोटाला लागून येतात. आधीच्या कुणा मालकाने दोन गाण्यांपुढे पेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या आहेत. पाठ झालेल्या गाण्यांना त्या मारल्या असतील, की पाठ करायच्या राहिलेल्यांना, यावर मी बराच विचार केला आहे. तेव्हा दाराशी मीही सात वर्षे उभाच होतो, हे पेठेतली यांनी माझ्या खाती जमा करावे.

खोली नऊ यांच्या शेवटाविषयीच्या मताशी मी सहमत नाही. काकासाहेबांचा पराभव त्यांना स्वतःला कळणे, यात नीरेचाच जय आहे असे मला वाटते. परंतु यावर लिहीत बसण्यापेक्षा समोर चित्रपट लावून भांडावे. येत्या रविवारी चार वाजता माझ्याकडे ‘कुंकू’ लावतो. कोथरूड डेपो यांनी बावीस माणसे आणू नयेत, खुर्च्या नऊच आहेत. अट एकच, चित्रपट संपेपर्यंत कुणीही किस्सा सांगायचा नाही.

पेठेतली :

मी येते. उपोषणाची हकीकत मी चित्रपटाआधी, जिन्यातच सांगून टाकीन, म्हणजे आपली अट मोडणार नाही.

वसतिगृह, खोली नऊ :

मी आणि खोलीतल्या दोघी येतो. आमच्या दाराला साडेआठला कुलूप लागते, त्यामुळे काकासाहेबांच्या पत्रावरचे भांडण तेवढ्यात उरकावे लागेल.